बिनठसक्याची आग

दानवळ गावात कुणाच्या घरात काय शिजतंय हे पूर्वी धुरावरून कळायचं. आता फोनवरून कळतं, आणि जास्त खरं कळतं.

धूरबंदीचा कायदा आल्यापासून शिरोळ तालुक्यातल्या एकाही धुराड्यानं आभाळ काळं केलेलं नाही. गुऱ्हाळं आहेत, चुली आहेत, वीटभट्ट्या आहेत. जळणही आजा-पणजाचंच आहे : उसाचं चिपाड, पाचट, तुरीच्या काड्या, शेणी. फक्त धूर नाही. परगावचा माणूस पहिल्यांदा आला की म्हणतो, "इथली गुऱ्हाळं बंद पडली वाटतं." मग गुळाचा वास येतो आणि तो चक्रावतो.

यामागचं शास्त्र अवघड नाही. धूर म्हणजे न जळलेलं जळण. जे आगीत जळायला हवं होतं, ते अर्धकच्चं बाहेर पडतं आणि माणसाच्या छातीत जाऊन बसतं. ते पुरतं जळावं तर त्याला नेमका वारा द्यावा लागतो. वारा कमी पडला की धूर, जास्त झाला की आग निवते. आणि नेमका वारा द्यायचा तर या क्षणाला आगीच्या पोटात काय आहे, ओलं चिपाड की वाळलेलं पाचट, हे भट्टीला कळायला हवं. ते कळतं ज्योतीच्या रंगावरून. आगीत मिठाची चिमूट पडली की ज्योत पिवळी होते, तांब्याचा कीस पडला की हिरवी. बऱ्याचशा पदार्थांचा असा रंग असतो. आपल्या डोळ्याला तो एकमेकांत मिसळून तांबूस दिसतो, यंत्राला तो सुटा सुटा वाचता येतो. भट्टीच्या भिंतीत बसवलेल्या या काचेच्या यंत्राचं सरकारी नाव 'ज्योतवाचक'. दानवळकर त्याला नुसतं 'डोळा' म्हणतात. डोळा बघतो, वारा सोडणारा पंखा ऐकतो, आणि निम्म्या चिपाडात काहिलीभर रसाचं आदण उकळतं. वाचलेल्या चिपाडाच्या कांड्या होतात आणि त्या घराघरांतल्या चुलींत जातात. त्या चुलींनाही एकेक छोटा डोळा आहेच.

कायदा करणाऱ्यांनी त्यात एक कलम घातलं होतं. धूर सगळ्यांच्या छातीत जातो, तेव्हा कुणाच्या आगीत काय जळतं हे सगळ्या गावाला बघता यायला हवं. म्हणून प्रत्येक डोळ्याचं वाचन गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर. कलमाचं नाव 'उघडी चूल'. कलम लिहिणारा बहुधा कधी खेड्यात राहिलेला नसावा. किंवा मग फारच राहिलेला असावा.

गावात पहिला डोळा बसवून घेतला भूपाल चौगुलेनं, आपल्या गुऱ्हाळाच्या चुलवाणाला, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीला. आकाशाची काळजी म्हणून नव्हे. चुलवाणात जळण घालणारा माणूस चिपाडाऐवजी जुने टायर जाळतो आणि चिपाड परस्पर विकतो, असा त्याला वहीम होता. डोळा बसला, टायर काही निघाले नाहीत. त्यावर दुसरा कुणी ओशाळला असता. भूपाल म्हणाला, "सावध झाला लेकाचा."

माणूस वाईट नव्हता. पण दुसऱ्याचा चांगुलपणा त्याला हिशेबातली चूक वाटायचा. कुणी जादा हसून बोललं की याचं काय अडलंय हे तो शोधायचा. जैन बस्तीत दर्शनाला कुणी जरा जास्त वेळ डोळे मिटून बसलं, की त्याच्या मनात यायचं, पाप मोठं दिसतंय. डोळा बसल्यापासून तर तो रोज चुलवाणापाशी पाय रोवून उभा राहायचा. एकदा फोनकडं, एकदा माणसांकडं, एकदा काहिलीकडं बघायचा. घाण्यावरची माणसं त्याची पाठ वळेपर्यंत तंबाखूसुद्धा मळत नसत.

त्या हंगामात गूळ पिवळाधमक उतरला. बाजारात अडत्यांनी ढेप फोडून बघितली आणि माना डोलावल्या. गुळव्या होता केरबा. रस कधी गाळायचा, मळी कधी काढायची, काहील कधी उतरवायची हे सगळं त्याच्याकडं, आणि ते तो भूपालच्या वडिलांच्या वेळेपासून करत आलेला. भूपालनं चार लोकांत केरबाची पाठ थोपटली आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "गूळ इतका पिवळा येतोच कसा?"

राजमती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "देव देतोय, तर घ्या की."

"देव हायड्रॉस टाकत न्हाई."

हायड्रॉस म्हणजे एक पांढरी पूड. रसात चिमूट टाकली की काळपट गूळही सोन्यासारखा दिसतो. खाणाऱ्याच्या पोटाला ती वाईट म्हणून तिला बंदी आहे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात तालुक्याच्या केंद्रानं गुऱ्हाळांच्या डोळ्यांना हायड्रॉसची खूण शिकवली, आणि सगळ्या दानवळच्या फोनवर आलं : 'चौगुले गुऱ्हाळ. सोडियम, गंधक. संशय : हायड्रॉस.'

*

तालुक्याच्या निर्धूर केंद्रातून डॉ. ऊर्मिला तेंडोलकर आल्या. मूळच्या मालवणच्या. डोळ्याचं शास्त्र त्यांनीच बसवलेलं. त्यांनी चप्पल बाहेर काढून चुलवाणाभोवती एक फेरी मारली, काच पुसली, फोनवरचं वाचन पुन्हा पाहिलं.

"रोज संध्याकाळी," त्या म्हणाल्या, "शेवटच्या आदणाच्या आधी एकदम भडका येतो. सोडियमचा पिवळा, आणि त्याबरोबर गंधकाचा निळसर. हायड्रॉसमध्ये ही दोन्ही असतात. कुणीतरी उरलेली पूड, पुड्यांसकट, आगीत टाकत असावं. पुरावा नको म्हणून."

"गंधक आनि कशात असतंय?"

"पुष्कळ गोष्टींत. टायरात असतं, फटाक्यात असतं. पण तुमच्या चुलवाणात रोज संध्याकाळी फटाके कोण लावील?"

"गुन्हा म्हणायचा का ह्याला?"

"यंत्र संशय म्हणतं, चौगुले. गुन्हा म्हणत नाही."

"बाई, आमच्या गावात ह्या दोन्हीत फरक करत न्हाईत."

तेंडोलकरबाई हसल्या, पण कागद त्यांनी दिलाच. शनिवारपर्यंत हे काय आहे याचा खुलासा झाला नाही, तर चुलवाणाला सील. ऊस तोडून आवारात येऊन पडलेला. तो वाळला तर हंगाम गेला. आणि 'चौगुले म्हणजे भेसळ' हे एकदा बाजारात झालं की पुढचेही हंगाम गेले.

भूपालच्या डोक्यात नाव आधीच तयार होतं. कागदानं फक्त त्याला शिक्का दिला.

केरबा काहिलीच्या कडेला उकिडवा बसून मळी काढत होता. भूपाल समोर जाऊन उभा राहिला.

"पूड कुठनं आणतोस?"

"कसली?"

"गाव ओरडतंय, आनि मलाच इचारतोस कसली?"

केरबानं हातातला झारा खाली ठेवला. "आण्णा, तुमच्या वडलांनी मला ह्या काहिलीवर बशीवला. तवा तुमी चड्डीत काकवी सांडत हिंडत हुतासा. पूड टाकायची असती, तर ज्या साली गूळ काळा आला त्या साली टाकली असती. पिवळ्या गुळात कोन टाकतंय?"

"मग पिवळा कसा आला?"

"आला तर चोर, न्हाई आला तर नालायक. ह्येला काय उत्तर असतंय?" केरबानं खुंटीवरचा पंचा घेतला, झटकला, खांद्यावर टाकला. "तुमी शोधून काडा. सापडलं की सांगा. मलाबी बगायचं हाय."

तो गेला. राजमती दारातून हे सगळं बघत होती.

दुसऱ्या दिवशी काहिलीवर भूपाल स्वतः उभा राहिला आणि पहिलंच आदण करपवलं. संध्याकाळी केरबा गावच्या दुसऱ्या टोकाला आपल्या अंगणात बसलेला असताना चौगुल्यांच्या चुलवाणात पुन्हा भडका आला. सोडियम, गंधक. संशय.

दुसरा माणूस असता तर म्हणाला असता, केरबा निर्दोष. भूपाल म्हणाला, "साथीदार हाय."

*

शुक्रवारी दिवस कलायला, एरवी बस्तीत दर्शनाला जायच्या वेळी, तो चिपाडाच्या ढिगाआड जाऊन बसला. गडीमाणसं हातपाय धुवायला विहिरीवर गेली होती. आवारात कुणी नव्हतं. चुलवाण आपल्या स्वच्छ, बिनधुराच्या आगीत घुमत होतं.

घराच्या बाजूनं राजमती आली. पदर कमरेला खोचलेला, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

भूपाल ढिगाआड आणखी खाली वाकला. आजवर त्यानं जगावर वहीम घेतला होता, पण राजमतीवर घेतला नव्हता. म्हणजे घेतला होता, पण किरकोळ.

तिनं मूठ काहिलीवरून ओवाळली. घाण्यावरून ओवाळली. केरबाच्या रिकाम्या पाटावरून ओवाळली. ओठ हलत होते. ढिगाआड शब्द स्पष्ट येत होते :

"आल्याची, गेल्याची, उभ्याची, बसल्याची, शेजारच्याची, पाजारच्याची, घरधन्याची... जळून जाऊ दे."

आणि मूठ चुलवाणात मोकळी केली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. आग क्षणभर पिवळीधमक झाली. खिशातल्या फोननं भूपालची मांडी हलवली. संशय : हायड्रॉस.

राजमती आगीच्या तोंडाशी वाकून नाकानं श्वास घेत उभी राहिली. मग तिनं मान हलवली, आणि वळली तर समोर नवरा. अंगभर चिपाडाचा भुसा.

"तू दृष्ट काढतीस?"

"मग काय पूजा करतीया वाटलं?"

"रोज?"

"रोज. काय करू? उतरतच न्हाई." ती घाबरली नव्हती, वैतागली होती. "नव्या भट्टीच्या पयल्याच दिवशी काढली. मिरच्या टाकल्या, आनि ठसकाच न्हाई. जरा म्हनून न्हाई. म्हनलं, आयो, केवढी ही नजर! दुसऱ्या दिशी काढली, ठसका न्हाई. तवापास्नं रोज काढतीया. जनमात असली कडक नजर बघितली न्हाई मी."

हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. दृष्ट काढून मिरच्या आगीत टाकायच्या. ठसका लागला, सगळ्यांना खोकला आला, तर नजर नव्हती. ठसका लागला नाही, तर नजर होती आणि कडक होती. मग पुन्हा काढायची, ठसका लागेपर्यंत.

"केरबाला मी घालवला, तवा का बोलली न्हाईस?"

"नजर कुनाची हे सांगितलं की उतरत न्हाई म्हनत्यात."

"कुनाची?"

राजमतीनं हाताला चिकटलेलं मीठ झटकलं.

"घरधन्याची म्हनालीस. मी ऐकलंय."

"ऐकलंय तर मग इचारता कशाला?" तिनं पदर सोडला. "खरं नाव तुमचंच असतंय. बाकीचे आपले सोबतीला."

*

शनिवारी तेंडोलकरबाईंनी राजमतीच्या हातची मूठ पुन्हा एकदा आगीत टाकून घेतली, वाचन पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"मिठातलं सोडियम, मोहरीतलं गंधक! रोज फोडणीला मोहरी टाकते मी, आणि माझ्या डोक्यात आलं नाही." मग त्या बराच वेळ हसल्या. भूपालला ते आवडलं नाही. "आणि ठसका कसा लागेल, अक्का? ठसका म्हणजे मिरचीचा न जळलेला धूर. या भट्टीत न जळलेलं काही उरतच नाही. मिरची आख्खी जळून जाते. नजर असो की नसो, इथं ठसका कधीच लागणार नाही."

राजमतीनं ते नीट ऐकून घेतलं. "म्हंजे तुमची आग लई चोख."

"अगदी चोख."

"मग बाई, नजर उतरली का न्हाई, हे आता कळायचं कसं?"

तेंडोलकरबाईंचं हसणं थांबलं. त्या काच पुसत म्हणाल्या, "ते यंत्राला कळत नाही."

"यंत्राला नगं. आमास्नी कळत हुतं. ते तुमी जाळलंसा."

पण खुलासा झाला होता, सील टळलं होतं. आणि दुसऱ्या कुणा गरिबावर हा प्रसंग येऊ नये म्हणून बाईंनी त्याच दिवशी तालुक्यातल्या सगळ्या डोळ्यांना एक नवी खूण शिकवली. सोडियम आणि गंधक असा झटकन येऊन जाणारा भडका दिसला, तर 'संशय' म्हणायचं नाही. 'मीठमोहरी : निर्धोक' म्हणायचं आणि फोनवर त्या घरावर एक पिवळा ठिपका द्यायचा.

निर्धोक. शिकलेली माणसं कधी कधी फार भोळी असतात.

*

पहिल्या संध्याकाळी दानवळच्या नकाशावर पिवळे ठिपके पडले, तेव्हा लोकांना गंमत वाटली. ठसका सगळ्यांचाच हरवला होता, त्यामुळं घरोघरी दृष्ट काढणं वाढलेलंच होतं. आठवडाभरात गंमत संपली. कुणाच्या घरी पाहुणा आला, तो गेला, आणि मग ठिपका पडला : बघणारे बघायला लागले. एका सुनेचे आईबाप येऊन गेले आणि त्यांची गाडी वेशीबाहेर पडायच्या आत सासरच्या चुलीवर ठिपका उमटला. तो त्यांनी गाडीतच बघितला. पुढच्या सणाला ते आले नाहीत.

भूपालला तर हा मेवाच मिळाला. कोण कुणाला भितो, हे आजवर त्याला अंदाजानं ठरवावं लागे. आता तो पारावर बसून फोन चाळायचा. परीट आळीत ठिपका. गिरणीवालीकडं ठिपका. बस्तीच्या पुजाऱ्याकडं ठिपका. मंगळवारी तो पंपाचं विचारायला कल्लाप्पाकडं गेला होता, तर तासाभरात तिथंही ठिपका. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, तो जिथं जिथं जाऊन येतो तिथं मागोमाग ठिपका पडतोय.

त्यानं त्याचा अर्थ लगेच लावला. "कुनीतरी माझ्या मागनं हिंडतंय, आनि लोकांस्नी नजर लावतंय."

त्या दिवसापासून तो चालताना मागं वळून बघायला लागला.

केरबाकडं जायचं तो टाळत होता. पण करपलेल्या गुळाच्या ढेपा कुणी घेईना. शेवटी राजमतीनं दोन वाक्यांत पाठवलं : "चूक तुमची. पाय बी तुमचेच लागतील." जाताना तिनं बजावलं, "आनि तिथं जाऊन पोलिसासारखं बघत बसू नका. चार शब्द ग्वाड बोला."

तो मनापासून गोड बोलायला गेला. केरबानं घोंगडं अंथरलं, सुनेनं चहा दिला. भूपाल घसा खाकरून म्हणाला, "चुकलो मी, केरबा."

"झालं गेलं, आण्णा. पोटात ठेवून काय कारखाना काढायचा हाय? उद्या येतो."

इतक्या सहज मिटलं, याचं भूपालला नवल वाटलं. याचं काय अडलंय, असा विचार सवयीनं डोकावला. त्यानं तो हाकलला आणि गोड बोलायला काहीतरी शोधू लागला. "म्हैस झकास हाय तुझी. दूध देती वाटतं भरपूर." केरबा नुसता हसला. "नात काय गुटगुटीत झालीया! परवा तर एवढीशी हुती." सुनेनं पोरीला उचलून कडेवर घेतलं. "छप्पर बी नवं घातलंस..."

"व्हय आण्णा," केरबा म्हणाला, "चहा निवतोय."

निरोप घेऊन भूपाल बाहेर पडला. फार दिवसांनी छाती हलकी वाटत होती. मागं कुणी येत नव्हतं, त्यानं दोनदा वळून खात्री केली. रस्ता मोकळा होता. कोपऱ्यावर आला तेव्हा खिशात फोन हलला.

केरबाच्या घरावर पिवळा ठिपका. मीठमोहरी : निर्धोक.

तो तिथंच उभा राहिला. मागं कुणी नव्हतं. पुढंही कुणी नव्हतं.

*

केरबा शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी येऊन काहिलीवर बसला आणि गूळ पुन्हा पिवळा उतरला. भूपाल त्याच्याकडं बघायचं टाळू लागला. कुणाकडंच बघायचं टाळू लागला. कुणाच्या दारात जायचा थांबला. जेवताना मान ताटातून वर काढीना. लोक म्हणाले, "चौगुल्याच्या मनात काय शिजतंय कळत न्हाई. आता खालनं बघतोय."

एका संध्याकाळी जेवण उरकून तो अंगणात फोन घेऊन बसला. स्वतःच्या घरावर ठिपका पडतो का, हे बघत. आज त्यानं राजमतीकडं एकदाही बघितलं नव्हतं. वेळ गेला. घर कोरं राहिलं. त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात मागच्या दारानं राजमती बाहेर पडलेली दिसली. मूठ मिटलेली. ती अंगण ओलांडून थोरल्या जावेच्या घरात शिरली. थोड्या वेळानं जावेच्या चुलीवर पिवळा ठिपका पडला. राजमती परत आली, तेव्हा मूठ मोकळी होती.

"अजून जागंच हायसा?" ती म्हणाली.

"बसलोय उगंच."

म्हणजे आता कोऱ्या घराचाही भरवसा नव्हता.

ती आत गेल्यावर तो उठला. स्वयंपाकघराच्या फळीवरनं मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, मिरच्या घेतल्या, आणि चुलवाणापाशी गेला. स्वतःची नजर स्वतःवरून कशी उतरवायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं मूठ आपल्याच डोळ्यांसमोरून फिरवली. शब्द त्याला एकदाच ऐकून पाठ झाले होते. 'घरधन्याची' हा शब्द त्यानं दोनदा म्हटला.

मूठ मोकळी केली. आग पिवळी झाली, पुन्हा तांबूस झाली. खिशात फोन हलला. गावात सगळ्यांच्याच खिशात हलला असणार.

भूपाल आगीच्या तोंडाशी वाकला आणि नाकानं लांब श्वास घेतला. गरम, स्वच्छ हवा आत गेली. त्यानं पुन्हा घेतला. मग डोळे मिटून, आणखी थोडा वाकून, ठसका लागायची वाट बघत तो तसाच उभा राहिला.